एकसष्टांची वर्गप्रकृति आणि नेवाशाचा शक : संख्येच्या साक्षीचा विचार

जुन्या पोथ्यांचा व्यासंग करणाऱ्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. लेखनिकाच्या हातून शब्द चुकला तर तो पुढील वाचकाच्या डोळ्यांस खुपतो. अंक चुकला तर तो कोणासच खुपत नाहीं. ‘धर्म’ या शब्दाचा ‘घर्म’ झाला कीं वाक्य अडखळतें आणि शहाणा वाचक समासांत दुरुस्ती लिहून ठेवतो. पण सातांच्या ठिकाणीं नऊ पडले तर पंक्ति पूर्वीसारखीच सुरळीत चालते, आणि पुढच्या दहा प्रति त्या नवांचीच इमानानें नक्कल करितात. यामुळें पोथींतील अंकाला आपण जें प्रमाण मानतों तें कोणत्या आधारावर, हा प्रश्न संग्राहकांनीं स्वतःस विचारणें अवश्य आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतील सर्वांत अधिक उच्चारलेला अंक नेवाशाचा आहे. प्रवरेच्या कांठीं त्या क्षेत्रीं शके १२१२ (इ.स. १२९०) त ज्ञानेश्वरी पूर्ण झाली हें लहान मुलांसही पाठ असतें. हा चार अंकांचा आंकडा आपली साक्ष आपण देतो काय, कीं तो सर्वस्वीं प्रतींच्या भरंवशावर उभा आहे? याचें उत्तर देण्यासाठीं आम्ही त्याच यादवभूमींतील, त्यापूर्वीं एकशें चाळीस वर्षांची, एक दहा अंकी संख्या शेजारीं ठेवून पाहणार आहों. ती संख्या म्हणजे भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील १७६६३१९०४९, अर्थात् एक अब्ज शहात्तर कोटि त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास.

शके १०७२ (इ.स. ११५०) त, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याच्या बीजगणितांत वर्गप्रकृति व चक्रवाल हीं प्रकरणें आहेत. तेथें एका श्लोकांत दोन प्रश्न विचारले आहेत: कोणता वर्ग ६७ नीं गुणून त्यांत एक मिळविला असतां पुन्हां वर्गच होतो, आणि ६१ नीं गुणिला असतां कोणता? पहिल्याचें उत्तर ५९६७ आणि त्यापासून होणारें वर्गमूळ ४८८४२. हें मोठें खरें, परंतु अद्भुत नव्हे. दुसऱ्याचें उत्तर मात्र २२६१५३९८०, आणि त्याचें ज्येष्ठ मूळ वर दिलेली दहा अंकी संख्या. याहून लहान अशी दुसरी जोडी नाहीं.

या उदाहरणाची रुचि कळण्यास ६१ चे शेजारी पाहावे. प्रकृति ६० असेल तर ४ चा वर्ग पुरतो: ६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. प्रकृति ६२ असेल तर ८ चा वर्ग पुरतो: ६२ × ६४ + १ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. या दोहोंच्या मध्यें असलेल्या ६१ साठीं मात्र बावीस कोटींच्या पलीकडे जावें लागतें. चाचपडत शोधणारा मनुष्य आयुष्यांत तेथें पोहोंचणार नाहीं. शंभराच्या आंतील सर्व प्रकृति तपासल्या तर सर्वांत मोठें उत्तर ६१ चेंच येतें. तेव्हां आचार्यांनीं हा अंक सहज घेतला असें म्हणवत नाहीं. ज्यास रीति ठाऊक आहे आणि तिचें बळ दाखवावयाचें आहे अशानेंच निवडलेला हा अंक आहे.

रीति अशी. १ च्या वर्गास ६१ नीं गुणून ३ मिळविले तर ६४ होतात, म्हणजे ८ चा वर्ग. येथें कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आतां कुट्टकानें असा गुणक काढावयाचा कीं, कनिष्ठाला त्यानें गुणून ज्येष्ठ मिळविलें असतां क्षेपानें निःशेष भाग जावा, आणि गुणकाचा वर्ग ६१ च्या जितका जवळ येईल तितका यावा. असा गुणक ७. त्यापासून कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ येतात; पडताळा पाहावयाचा तर ६१ × २५ = १५२५ आणि ३९ चा वर्ग १५२१. येथें आचार्य चक्र फिरविणें थांबवितात. क्षेप ऋण ४ आला कीं दोहोंनीं भागून तो ऋण १ करितां येतो, मग अपूर्णांक आले तरी भिऊं नये, भावनेनें ते निघून जातात. अर्धें करून मिळालेल्या ५/२ व ३९/२ या जोडीची स्वतःशीं भावना केली असतां १९५/२ व १५२३/२ येतात. त्यांची पुन्हां पहिल्या जोडीशीं केली कीं अपूर्णांक गळून ३८०५ व २९७१८ उरतात, क्षेप ऋण १. शेवटीं या जोडीची स्वतःशींच भावना केली कीं कनिष्ठ दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे २२६१५३९८०, आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९. एका पाटीवर मावेल एवढेंच हें काम आहे. आमच्या मतें आचार्यांचें कौशल्य मोठ्या संख्येंत नसून ऋण ४ वर थांबण्यांत आहे. चक्र तसेंच पुढें चालविलें असतें तरी उत्तर आलें असतें, पण फेरे वाढले असते.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग. भास्कराचार्यांचीं सूत्रें व प्रश्न श्लोकबद्ध आहेत. उत्तराचीं स्थानें मात्र गद्यांत आंकड्यांनीं लिहिलेलीं असतात, आणि पोथ्यांत ‘क’, ‘ज्ये’, ‘क्षे’ अशीं एकेका अक्षराचीं चिन्हें देऊन त्यांपुढें अंक मांडितात. पद्यांतील संख्येला वृत्ताचा बंदोबस्त असतो. आचार्यांनीं आपला जन्मशक भूतसंख्येनें सांगितला आहे: रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे एक, उजवीकडून मांडिले कीं १०३६. तेथें कोणी एक शब्द बदलला तर मात्रा बिघडण्याचा संभव असतो. गद्यांतील दहा अंकांच्या रांगेला असा कसलाच पहारा नाहीं. मग ती आठ शतकें कशी टिकली?

ती टिकली याचें कारण तिचा पहारेकरी तिच्या आंतच आहे. १७६६३१९०४९ मधून एक वजा करून निम्मे करावे: ८८३१५९५२४ येतात, आणि हा २९७१८ चा पूर्ण वर्ग आहे. तींत एक मिळवून निम्मे करावे: ८८३१५९५२५ येतात, आणि हे ३८०५ च्या वर्गाचे बरोबर ६१ पट आहेत. एकमेकांशेजारच्या दोन संख्या, एक शुद्ध वर्ग व दुसरी एकसष्टपट वर्ग, असा हा जोड आहे. या रांगेंतील कोणताही एक अंक हलविला कीं दोन्ही गोष्टी एकदम ढासळतात.

शाळेंत शिकविला जाणारा नवांचा ताळा येथें किती पुरतो हें पाहण्यासारखें आहे. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे नवांनीं भागून बाकी १. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, बाकी शून्य. तेव्हां ६१ पट वर्गाची बाकी शून्य, एक मिळविल्यावर १, आणि ज्येष्ठाच्या वर्गाचीही १, ताळा जमला. परंतु समजा, लेखनिकानें मधले १९ उलटे करून १७६६३९१०४९ असें लिहिलें. बेरीज तीच ४६. नवांचा ताळा ही चूक पाहूं शकत नाहीं, आणि पोथ्यांतून सर्वांत अधिक होणारी चूक हीच, शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल. शून्याच्या जागीं नऊ वाचले गेले तरी हा ताळा आंधळाच. म्हणून अकरांचा ताळा घ्यावा. एकआड एक अंकांच्या बेरजा केल्या तर शुद्ध पाठांत दोन्हीकडे २३ येतात, म्हणजे संख्येस अकरांनीं पूर्ण भाग जातो. बिघडलेल्या पाठांत एकीकडे ३१ व दुसरीकडे १५ येतात, आणि चोर सांपडतो. अर्थात् पक्का निवाडा वर्गाचाच: बिघडलेल्या पाठांतून एक वजा करून निम्मे केले तर ८८३१९५५२४ येतात, ते २९७१८ व २९७१९ यांच्या वर्गांच्या मधोमध कोठेंतरी लोंबकळत राहतात.

यावरून असें निघतें कीं, या स्थळाचा पाठ ठरविण्यास प्रतींची गणती करण्याचें कारण नाहीं. दहा प्रति एका बाजूस व एक फाटकी प्रति दुसऱ्या बाजूस असली, आणि फाटक्या प्रतींत ज्येष्ठ बरोबर असलें, तर दहा चुकल्या. कसरीनें ज्येष्ठाचा एखादा अंक खाल्ला असेल तर कनिष्ठावरून तो भरतां येतो. कनिष्ठ गेलें असेल तर ज्येष्ठावरून. दोन्हीं गेलीं तरी ६४ या वर्गापासून आरंभ करून तासाभरांत पुन्हां काढितां येतात. हस्तलिखित नष्ट झालें तरी पाठ नष्ट होत नाहीं, अशीं स्थळें आपल्या वाङ्मयांत किती आहेत? याच कारणास्तव या ग्रंथाच्या टीका पाहतांना, पाथरीच्या सूर्यदासाचा सूर्यप्रकाश (इ.स. १५३८) असो कीं उपपत्तींविषयीं प्रसिद्ध असलेला कृष्ण दैवज्ञाचा बीजपल्लव असो, टीकाकारानें अंक केवळ उतरला आहे कीं करून पाहिला आहे, हा भेद वाचकानें ध्यानांत ठेवावा. करून पाहणाऱ्या टीकाकाराची पोथी अंकांच्या बाबतींत मुळाच्या जुन्या प्रतीहूनही अधिक विश्वासाची असूं शकते.

या संख्येच्या भोंवतीं स्तुतीचें जें दाट रान वाढलें आहे त्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. इ.स. १६५७ त फ्रान्स देशाच्या फर्मा यानें आपल्या समकालीन गणितज्ञांस हाच प्रश्न घातला आणि उदाहरणादाखल ६१ व १०९ हेच अंक दिले. इंग्लंडांत ब्राउंकर यानें त्याची रीति काढिली. पुढें ऑयलर यानें चुकीनें ती पेल याच्या नांवावर घातली आणि ती चूक युरोपांत आजतागाईत चालू आहे. कोलब्रूक यानें इ.स. १८१७ त बीजगणिताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें तेव्हां पाश्चात्त्यांस कळलें कीं एकसष्टांचें उत्तर पांचशें वर्षें आधींच काढून ठेविलेलें होतें. येथवर सर्व खरें. परंतु फर्मास ६१ हा अंक हिंदुस्थानांतूनच मिळाला असला पाहिजे, असें कांहीं उत्साही लेखक सुचवितात, तें आम्हांस मान्य नाहीं. बीजगणिताचें फारसी भाषांतर अताउल्ला रशीदी यानें इ.स. १६३४–३५ त केलें ही गोष्ट खरी. पण तारखा जुळणें म्हणजे पुरावा नव्हे. शंभराच्या आंत सर्वांत दुर्घट प्रकृति ६१ आहे हें वर सांगितलेंच. जो कोणी हा प्रश्न मनापासून धुंडाळील तो एकसष्टांवर येऊन थडकणारच, मग तो गोदातीरीं बसलेला असो वा फ्रान्सांत. शिवाय फर्मानें दिलेल्या १०९ चें ज्येष्ठ पंधरा अंकी आहे, आणि तें उदाहरण आचार्यांच्या या श्लोकांत नाहीं.

उलट बाजूचा अतिरेक म्हणजे चक्रवाल ही भास्कराचार्यांची स्वतःची शोध-संपत्ति आहे असें म्हणणें. आचार्य स्वतः तसें म्हणत नाहींत. या रीतीला चक्रवाल म्हणतात असें ते पूर्वींच्यांचा हवाला देऊन सांगतात. हे पूर्वींचे कोण, हें पुष्कळ काळ अंधारांत होतें. इ.स. १९५४ त कृपाशंकर शुक्ल यांनीं लघुभास्करीयावरील उदयदिवाकराच्या सुंदरी टीकेंतून (इ.स. १०७३) जयदेव नांवाच्या आचार्याचे श्लोक उजेडांत आणिले, आणि चक्रवाल निदान सत्याहत्तर वर्षें मागें गेलें. एका टीकेच्या हस्तलिखितानें हें केलें, हें आमच्या वाचकांस विशेष सुखावणारें आहे. तसेंच ही रीति प्रत्येक वेळीं शेवटास पोहोंचतेच याची सिद्धता बीजगणितांत नाहीं. असें उत्तर नेहमीं असतेंच हें प्रथम लाग्रांज यानें अठराव्या शतकांत सिद्ध केलें, आणि खुद्द चक्रवालाची सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं इ.स. १९२९ च्या सुमारास दिली. आचार्यांचें थोरपण कमी करण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. जें त्यांनीं केलें तें इतकें आहे कीं, न केलेलें त्यांच्या पदरीं घालण्याची गरज नाहीं.

‘संख्येचे गुणधर्म’ म्हटले कीं हल्लीं पुष्कळांस देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आठवतात. त्यांनीं इ.स. १९४९ त जाहीर केलेली ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नांवानें ओळखली जाते. कोणतेही चार अंक, सर्व सारखे नसलेले, घ्यावे. उतरत्या क्रमाच्या संख्येंतून चढत्या क्रमाची वजा करावी. पुन्हां तसेंच करावें. सात फेऱ्यांच्या आंत ६१७४ येतात आणि तेथेंच राहतात, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले कीं पुन्हां ६१७४. हा गुणधर्म रम्य आहे, परंतु तो संख्येचा जितका तितकाच दशमान लेखनाचा आहे. दहांच्या ऐवजीं बारांच्या पायावर अंक लिहिले तर तो नाहींसा होतो. एकसष्टांच्या जोडीचा गुणधर्म लेखनाचा नव्हे. ती जोडी अंकांनीं लिहा, अक्षरांनीं लिहा, भूतसंख्येनें लिहा, तिचें नातें ढळत नाहीं. पाठशुद्धीच्या कामांत दोन्ही जाती उपयोगी आहेत, पण त्यांची योग्यता एक नाहीं. नव व अकरांचे ताळे पहिल्या जातीचे, वर्गाचा निवाडा दुसऱ्या जातीचा.

आतां शकाकडे येऊं. शकाचा अंक एकटा असेल तर त्यास आंतून कसलाही आधार नसतो. पण त्याजबरोबर संवत्सर, मास, तिथि, वार, ग्रहण यांपैकीं कांहीं असेल तर तो साक्षीदारांसह उभा राहतो. याचें उत्तम उदाहरण भास्कराचार्यांच्याच घराण्याचें आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं इ.स. १८६५ त प्रसिद्ध केला. त्यांत त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर व चांगदेव इथपर्यंत वंशावळ असून, सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपल्या आज्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठास निकुंभवंशी सोइदेवानें दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. दानाच्या तपशिलाचा भाग मराठींत आहे. काळ दिला आहे तो शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण असा. आतां दक्षिणेच्या गणनेनें शके ११२८ स क्षय संवत्सर येतो, प्रभव नव्हे. प्रभव येतो ११२९ स. ११२८ हें गत वर्ष मानिलें तर श्रावणी पौर्णिमा इ.स. १२०६ च्या जुलैंत पडते, आणि तेव्हां चंद्र पातापासून इतका दूर होता कीं ग्रहण होणें नाहीं. इ.स. १२०७ च्या ऑगस्टांतील श्रावणी पौर्णिमेस मात्र ग्रहण येतें. तेव्हां संवत्सर व ग्रहण असे दोन स्वतंत्र साक्षीदार एका बाजूस आणि दगडावर कोरलेला अंक दुसऱ्या बाजूस, असा हा वाद आहे. आम्ही साक्षीदारांच्या बाजूनें आहों. ज्योतिषाच्या मठाच्या दानलेखांत शकाचा अंक एकानें मागें राहावा, ही मौज आहे. पण दगडावर कोरल्यानें अंक शुद्ध होत नाहीं हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

हीच कसोटी ज्ञानेश्वरीस लावूं. एकनाथांनीं पैठण येथें ग्रंथ शुद्ध केला तो काळ त्यांनीं समाप्तीच्या ओव्यांत दिला आहे: शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपदांतील कपिलाषष्ठी. शके १५०६ स तारण संवत्सरच येतो, हें गणित बोटांवर होतें. कपिलाषष्ठी हा योग तर फारच बोलका. भाद्रपद वद्य षष्ठी, तींत मंगळवार, रोहिणी नक्षत्र व व्यतीपात इतकें जुळावें तेव्हां तो होतो. आम्ही मध्यम मानानें गणित करून पाहिलें. त्या वर्षीं वद्य षष्ठी जुन्या मानाच्या १५ सप्टेंबर १५८४ रोजीं येते, वार मंगळच येतो, चंद्र रोहिणींत येतो, आणि व्यतीपात योगही त्याच दिवशीं लागतो. चार साक्षीदार एकमुखानें बोलले. एकनाथांचा शक ही आमच्या अर्थानें स्वतःची साक्ष देणारी संख्या आहे. तिच्याविषयीं शंका घेण्यास जागा उरत नाहीं.

मूळ ग्रंथाचा शक असा नाहीं. शके १२१२ सांगणाऱ्या ओवींत टीकाकाराचें व लेखक सच्चिदानंदबाबांचें नांव आहे, पण संवत्सर नाहीं, मास नाहीं, तिथि नाहीं, वार नाहीं. छंद ओवीचा, त्यास श्लोकाप्रमाणें मात्रांचा कडक पहारा नाहीं. यमक आहे, परंतु यमक साधलें आहे तें संख्येनंतरच्या ‘उत्तर’ या पदावर. बारांच्या जागीं अकरा किंवा दहा घातले तरी यमकाला कांहीं इजा होत नाहीं. म्हणजे मराठीचा सर्वांत प्रसिद्ध शक हा रचनेच्या दृष्टीनें सर्वांत उघडा पडलेला आहे. त्याचें रक्षण बाहेरून होतें. ग्रंथांतच गोदेच्या दक्षिण तीरावरील पंचक्रोश क्षेत्राचें महालयेच्या नांवानें वर्णन असून तेथें यादव रामचंद्राचें राज्य असल्याचें सांगितलें आहे. रामचंद्राची कारकीर्द इ.स. १२७१ ते १३११. हा आधार बळकट आहे, परंतु तो चाळीस वर्षांचा पट्टा आंखून देतो, एका वर्षावर बोट ठेवीत नाहीं. बोट ठेवण्यासाठीं आपण परंपरेवर व प्रतींवर विसंबतों, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. फक्त आपण कशावर विसंबतों हें ठाऊक असावें. वि. का. राजवाडे यांनीं शके १८३१ (इ.स. १९०९) त एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केलेल्या प्रतीवर जो वाद माजला त्यांत भाषेची चिकित्सा पुष्कळ झाली, अंकांची चिकित्सा त्या मानानें थोडी झाली.

ओवीसंख्येची गोष्ट याहून नाजूक. पाठकवर्गांत ९०३३ ही संख्या रूढ आहे, आणि प्रतीप्रतींत ती बदलते. या संख्येंत कांहीं गूढ सांठविलें आहे असें भाविकपणें म्हणणारे भेटतात. गणिताच्या दृष्टीनें ९०३३ म्हणजे ३ × ३०११, आणि ३०११ ही अविभाज्य. यांत ग्रंथाच्या रचनेशीं नातें सांगणारें कांहींच नाहीं. एक ओवी कमी झाली किंवा दोन वाढल्या तर ही संख्या तक्रार करणार नाहीं. महाभारताच्या कांहीं प्रतींत गीतेचें मान दिलें आहे तेंही असेंच: केशवाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १, एकूण ७४५. बेरीज चोख आहे. परंतु बेरीज चोख असल्यानें एवढेंच ठरतें कीं सांगणाऱ्यास बेरीज येत होती; आपल्या हातीं असलेली गीता सातशें श्लोकांचीच आहे आणि ज्ञानेश्वरीही सातशेंच जाणते. संख्येच्या अंगचा गुणधर्म जर ग्रंथाच्या घटनेंतून निघालेला नसेल तर तो ग्रंथाविषयीं साक्ष देऊं शकत नाहीं.

पोथ्यांचे शक फिरवून त्या जुन्या भासविण्याचा उद्योग संग्राहकांस अपरिचित नाहीं. अशा वेळीं संवत्सर पाहावा असें सर्वजण सांगतात, परंतु संवत्सराच्या चक्रास एक मोठें भोंक आहे. चक्र साठांचें, तीनशें हे साठांचे पांचपट. तेव्हां शतकाच्या जागीं ५ चा २ केला, १५०६ चे १२०६ केले, तर तारण संवत्सर जसाच्या तसा जुळतो. ज्या तीन शतकांचा मोह सर्वांत मोठा, नेमकें तेंच अंतर संवत्सरास दिसत नाहीं, जसा उलटलेला जोड नवांच्या ताळ्यास दिसत नाहीं. येथें वार उपयोगी पडतो. शके १२०६ च्या भाद्रपद वद्य षष्ठीचें मध्यम गणित केलें तर ती शनिवारीं येते. एखाद्या दिवसाचा फरक धरिला तरी मंगळवार येणें शक्य नाहीं, आणि कपिलाषष्ठीचा बनाव उघडा पडतो. १६१२ चे १२१२ करणारा मात्र संवत्सरावरच सांपडतो, कारण चारशें वर्षांत चक्र चाळीस घरें सरकतें.

म्हणून नेवासें, पैठण, पाथरी या गोदा-प्रवरेच्या पट्ट्यांत ज्यांच्या घरीं ज्ञानेश्वरीच्या किंवा ज्योतिषाच्या पोथ्या आहेत त्यांस आमची विनंति अशी कीं, यादी करितांना शेवटच्या पानावरील शकाचा अंक तेवढा उतरून घेऊं नये. संवत्सर, अयन, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र, जें असेल तें अक्षरशः उतरावें, चुकीचें वाटलें तरी दुरुस्त करूं नये. अंक अक्षरी आहे कीं आंकडी, खाडाखोड आहे काय, शाई तीच आहे काय, हेंही नोंदवावें. अध्यायाच्या शेवटीं ओवीसंख्या दिली असेल तर ती आणि प्रत्यक्ष मोजलेली, दोन्हीं वेगळीं लिहावीं. त्या दोहोंतील फरक हाच पुष्कळदां प्रतीचें कुळ सांगतो. गणिताच्या पोथींत ‘क’ व ‘ज्ये’ यांपुढील रांगा चुकलेल्या असल्या तर त्या तशाच द्याव्या, कारण शुद्ध रांग आपणांस घरबसल्या काढितां येते, चुकलेली रांग मात्र त्या एका पोथींतच असते आणि कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें तीच दाखविते. राहतां राहिला नेवाशाचा शक: एखाद्या जुन्या प्रतींत १२१२ बरोबर संवत्सरही लिहिलेला आढळला, तर गत वर्ष मानून तो विकृति असला पाहिजे, वर्तमान मानून विरोधी. यांपैकीं कोणता आहे, किंवा तिसराच आहे, हें त्या पानाच्या छायाचित्रासह प्रसिद्ध व्हावें.